देव प्रेम करतो हे माहितीये, पण सध्या ते जाणवतच नाहीये

सेक्टर_एकोणीस

सगळ्यांना सलाम. मी इथे नेहमी नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदाच, त्यामुळे इकडचं तिकडे झालं तर सांभाळून घ्या. आम्ही कोपरखैरण्याला राहतो, मूळचे नगर जिल्ह्यातले, राहुरीकडचे. तीन पिढ्या ख्रिस्ती घर, सासरे गावच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पंच होते, मी स्वतः लग्नाआधी संडे स्कूल घ्यायचे. म्हणजे देव प्रेम करतो हे मला कुणी नव्याने शिकवावं अशातला भाग नाही, मीच लहान पोरांना ते शिकवलंय.

जूनमध्ये मिस्टरांना स्ट्रोक आला. वय ४६. एमआयडीसीत एका कंपनीत सुपरवायझर होते. पहाटे बाथरूममधून बाहेर आले आणि भिंतीला टेकून उभेच राहिले, मी विचारलं काय होतंय तर तोंडातून नुसतं अं अं, उजवा हात असा लोंबत होता जसा काही दुसऱ्या कुणाचाय. अकरा दिवस हॉस्पिटलला काढले. डॉक्टर म्हणाले मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली, म्हणून उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलं. आता चार महिने होतील. काठी घेऊन हॉलपासून गॅलरीपर्यंत येतात. बोलणं म्हणाल तर "हो", "नको" आणि "पाणी", बस. माझं नाव येत नाही. डोळ्यात दिसतं की त्यांना माहितीये, ओठ हलतात, मग येत नाही म्हणून रडायला लागतात, आणि २२ वर्षांच्या संसारात मी ह्या माणसाला सासरे वारले तेव्हा सोडून कधी रडताना बघितलं नव्हतं.

मंडळीतले लोक आले, खोटं बोलणार नाही, पहिला महिना खूप केलं त्यांनी, डबे आले, रात्री हॉस्पिटलला थांबायला पोरं आली. मग एकदा आमच्याकडे कॉटेज प्रेयर, म्हणजे घरातली प्रार्थना सभा होती, तिथे एका बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं की घरात काही पाप कबूल करायचं राहिलंय का, बघा जरा. आणि अजून एकजण म्हणाले मोहरीच्या दाण्याएवढा विश्वास असला तरी डोंगर हलतो. मिस्टर तिथेच खुर्चीत बसले होते, त्यांना बोलता येत नाही, पण ऐकायला सगळं येतं ना. सगळे गेल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून डाव्या हाताने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, म्हणजे माझ्यामुळे का असं विचारत होते. ती रात्र मी कशी काढली ते माझं मला माहिती. लग्नापासूनचं एकेक आठवत बसले, कुणाचे पैसे बुडवले का, कुणाला टाकून बोललो का, सासूबाईंशी भांडले होते ते त्यातलं आहे का.

आता रविवारी काय होतं सांगते. आमची उपासना एका शाळेच्या हॉलमध्ये भरते. गीतं सुरू झाली की मला उभंच राहवत नाही, मी बाहेर चपला काढतात तिथे जाऊन थांबते. साक्षीची, म्हणजे देवाने काय केलं ते उठून सांगायची वेळ आली की पोटात गोळा येतो. "देव चांगला आहे" एवढे तीन शब्द आहेत, ते तोंडातून निघत नाहीत. घरी प्रार्थनेला बसले तरी हेच, डोळे मिटते आणि समोर फिजिओचं बिल, घराचा हप्ता, धाकट्याची बारावी. देवाशी बोलायला काही सुचत नाही, आणि सुचलं तर ते भांडण असतं.

माझा प्रश्न एवढाच आहे की हा अविश्वास आहे का? माझ्या ह्या अशा मनामुळे त्यांना बरं वाटत नाहीये असं तर नसेल ना? कुणी ह्यातून गेलं असेल तर लिहा. फक्त "सगळं चांगल्यासाठीच होतं" हे लिहू नका, हात जोडते.

*

कळवा_खारेगाव

ताई, सलाम. मी रिटायर शिक्षक, वय ७१, त्यामुळे लेकी म्हटलं तरी चालेल ना.

माझा थोरला मुलगा २०११ साली कळवा आणि मुंब्रा यांच्या मध्ये लोकलमधून पडून गेला. सकाळची गर्दी, दारात उभा होता. २४ वर्षांचा. घरातून निघताना त्याने मला विचारलं होतं, पप्पा, छत्री नेऊ का? मी म्हणालो नको रे, आभाळ मोकळं आहे. हे मी का लिहितोय मला माहीत नाही, पण इतक्या वर्षांनी अजून तेच वाक्य पहिलं आठवतं.

मलासुद्धा विचारलं होतं पाप कुठलं म्हणून. तेव्हा उत्तर देता आलं नाही, आता देतो, तुमच्यासाठी. योहानाचा नववा अध्याय काढा. जन्मापासून आंधळा माणूस दिसल्यावर शिष्यांनी येशूला हाच प्रश्न विचारला, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? येशू म्हणाला याचंही नाही आणि त्यांचंही नाही. एवढं स्वच्छ उत्तर आहे. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली त्याबद्दल बोलतो, तिथेही म्हणतो की ती माणसं यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं समजू नका. प्रभूने स्वतः जो हिशेब मोडून टाकला तो कॉटेज प्रेयरमध्ये परत मांडायचा अधिकार कुणाला आहे? मला राग येतो अशा वेळी, आणि तो राग मी लपवणार नाही. बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आले तेव्हा सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर ते मित्र होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटी देव त्यांच्यावरच रागावला, की माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. ईयोब काय बोलला होता? जन्मलो तो दिवस जळो म्हणाला होता, देवाला कोर्टात खेचायची भाषा केली होती. आणि देव म्हणतो हा बरोबर बोलला!

आता तुमचा खरा प्रश्न. भांडण होतं म्हणता ना, मग होऊ द्या. बायबलमधलं ८८ वं स्तोत्र वाचलंय का कधी सलग? बाकीची रडकी स्तोत्रं शेवटी कुठेतरी वळतात, तरी मी तुझी स्तुती करीन असं काहीतरी येतं. ८८ वळत नाही. काळोखात सुरू होतं आणि काळोखातच संपतं. शिक्षक म्हणून मला ते अपुरं वाटायचं, मुलगा गेल्यावर कळलं की कुणीतरी ते मुद्दाम तसंच ठेवलंय, शेवटचं गोड कडवं न जोडता, आणि ते पवित्र शास्त्रात आहे म्हणजे देवाने ते ऐकून घेतलंय. मी जवळजवळ दोन वर्षं तेवढंच वाचलं. दुसरं काही वाचवत नव्हतं. त्या दोन वर्षांत मी देवापासून लांब गेलो असं तेव्हा वाटायचं, आज वाटत नाही, कारण रोज रात्री भांडायला का होईना मी त्याच्याचकडे जात होतो, शेजारच्याकडे नाही.

आमचे तेव्हाचे पाळकसाहेब, म्हणजे पास्टर, दर गुरुवारी संध्याकाळी यायचे. बोलायचे नाहीत फारसं. चहा घ्यायचे, माझ्या मिसेस भाजी निवडत असल्या तर खाली बसून त्यांच्याबरोबर मेथी निवडायचे, जाताना एक वाक्याची प्रार्थना. दीड वर्ष आले. देवाने माझ्यावर प्रेम केलं त्याचा पुरावा मला कुणी मागितला तर मी त्या मेथीचं सांगतो, दुसरं मला सांगता येत नाही.

मिस्टरांनी छातीवर बोट ठेवलं ते वाचून मी थांबलो थोडा वेळ. त्यांना आज सांगा, तोंडाने सांगा, दहा वेळा सांगा, तुमच्यामुळे नाही. ते ऐकतायत.

*

रबाळे_अकाउंट्स

ताई मी जरा वेगळं लिहिते, कारण मला वचनं पाठ नाहीत पण मी एमआयडीसीतच एका कंपनीत पगाराचं काम बघते आणि तुमची पोस्ट वाचून पहिलं हेच डोक्यात आलं. मिस्टरांचा ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, कापला जायचा का? पगार महिन्याला २१,००० च्या आत असेल तर नक्की असणार, पगाराच्या स्लिपवर बघा. असेल तर आजारपणाच्या सुट्टीत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात, ते बहुतेक कंपनीने भरलं असेल. पण पुढचं बऱ्याच जणांना माहितीच नसतं. लांब चालणाऱ्या ३४ आजारांची एक यादी आहे, त्यात अर्धांगवायू येतो, आणि त्याच्यासाठी ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत मिळू शकतात. सलग दोन वर्षं नोकरी आणि हजेरीच्या काही अटी आहेत, ईएसआयच्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. चार महिने झाले म्हणता म्हणजे ९१ दिवस संपले असणार, तर आत्ताच जाऊन विचारा, उशीर करू नका. हॉस्पिटलचे सगळे कागद, डिस्चार्ज कार्ड, एमआरआय, आधार, बँक पासबुक, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स काढून एका फाईलला लावा. फॉर्म भरायला कुणी लागलं तर मला मेसेज टाका, मी शनिवारी हाफ डे असते, येईन तुमच्याकडे, रबाळ्यावरून किती लांब आहे.

आणि एक सांगू का, तुम्ही चपलांजवळ उभ्या राहता ते वाचून मला रडू आलं. मी पण राहिलेय तशी, मिसकॅरेजनंतर, दुसऱ्या वेळी. आमच्या मंडळीतली एक म्हातारी बाई एके दिवशी येऊन माझ्या बाजूला उभी राहिली, काही बोलली नाही, तिचे गुडघे दुखतात तरी पूर्ण उपासना उभी राहिली. पुढच्या रविवारी पण. तिसऱ्या रविवारी मीच म्हटलं आजी चला आत बसू, तुमचे पाय दुखतील.

*

साक्षी_जीवन

प्रेझ द लॉर्ड ताई. वाईट वाटून घेऊ नका पण मी थोडं वेगळं बोलणार आहे. मला २०१६ साली टीबी झाला होता, तो पण साध्या औषधांना दाद न देणारा, वजन ४१ किलोवर आलं होतं, आणि मी अंथरुणावर पडून रोज मोठ्याने ते वचन बोलायचो की येशूला बसलेल्या फटक्यांनी मी बरा झालोय. आज मी उभा आहे. औषध घेतलं, नाही म्हणत नाही, पण माझा विश्वास आहे की मला प्रभूने उठवलं. म्हणून म्हणतो, तोंडाने नकारात्मक बोलू नका, मनात नसलं तरी बोला देव चांगला आहे, शब्दात ताकद असते. भावना मागून येतात. ८८ वं स्तोत्र दोन वर्षं वाचत बसणं मला काही पटत नाही, काकांचा मान राखून बोलतोय.

*

कळवा_खारेगाव

साक्षी_जीवन, बाळा, तू बरा झालास ह्याचा मला मनापासून आनंद आहे आणि प्रभूनेच उठवलं यात मला काही शंका नाही. तू मोकळेपणाने बोललास तेही बरं केलंस. पण तुझ्या वॉर्डात तुझ्या बाजूच्या खाटेवर जो होता, जो गेला, त्याची आई त्याच वचनावर बोट ठेवून बसली असेल तर तिला काय सांगायचं? तिचा आवाज बारीक पडला असं?

पंडिता रमाबाईंचं उदाहरण घे, आपल्याच मराठी मातीतलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा कॉलऱ्याने गेला, लग्नाला दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती. हे सगळं ख्रिस्ती होण्याआधीचं, असं कुणी म्हणेल. पण मग ख्रिस्ती झाल्यावर, केडगावला मुक्ती मिशन उभं करून टाकलेल्या, दुष्काळातल्या बायकामुलींना पोटाशी धरल्यावर, मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणायचं काम करत असताना, १९२१ साली एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. त्यांचा विश्वास कमी होता असं म्हणायची माझी तरी हिंमत नाही. पौलाने अंगातल्या काट्यासाठी तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, माझी कृपा तुला पुरे एवढंच उत्तर आलं. पौलाला पण नीट मागता आलं नसेल का?

मनात नसताना बोल असं ह्या पोरीला सांगू नकोस. घरातलं एक माणूस बोलू शकत नाहीये, तिथे दुसऱ्याने खोटं बोलायचं का? मार्कमध्ये त्या आजारी मुलाचा बाप म्हणाला ना, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, दोन्ही एका दमात. येशूने त्याला परत पाठवलं नाही, आधी विश्वास नीट करून ये म्हणून.

*

साक्षी_जीवन

बाजूच्या खाटेवर खरंच एकजण होता काका. दिवा स्टेशनकडचा. त्याची आई मला पण डबा द्यायची. मी त्याच्याबद्दल साक्षीत कधी बोललो नाही. ताई, मी म्हटलं त्यातलं काही लागलं असेल तर माफ करा. मी आणि माझा भाऊ दोघं तुमच्या जवळच राहतो, मिस्टरांना फिजिओला खाली उतरवायला, रिक्षात बसवायला माणूस लागत असेल तर सांगा, सकाळी आठच्या आत आम्ही मोकळे असतो.

*

चेंदणी_ठाणे

मी कॅथलिक आहे, तुमच्या पद्धती वेगळ्या असतील, पण एक गोष्ट सांगायचीच आहे कारण माझ्या आईचं सेम झालं होतं. स्ट्रोक, उजवी बाजू, बोलणं बंद. ह्याला अफेझिया म्हणतात, माणसाची अक्कल शाबूत असते, शब्द सापडत नाहीत. त्यामुळे काका म्हणाले ते शंभर टक्के खरं, त्यांच्यासमोर असं काही बोलू देऊ नका कुणाला.

आईला पाणी मागता यायचं नाही. पण आम्ही संध्याकाळी तिच्या पलंगाजवळ रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणायला बसलो आणि तिसऱ्या चौथ्या मण्याला तिचा आवाज आला, आमच्याबरोबर, पूर्ण प्रार्थना, एक शब्द न चुकता. आम्ही सगळे गप्प झालो तर ती पण थांबली. आम्हाला वाटलं चमत्कार झाला, बोलायला लागली, तर नाही, रोझरी संपल्यावर परत तेच, नुसता हात हलवणं. स्पीच थेरपिस्टने मग समजावलं की लहानपणापासून पाठ असलेलं, म्हणजे प्रार्थना, आकडे, वार, आणि खास करून गाणं, हे बऱ्याच पेशंटचं शिल्लक राहतं, कारण सुचवून बोलायचं आणि पाठ असलेलं म्हणायचं ह्याचं मेंदूतलं काम वेगवेगळं चालतं. गाण्याचा वापर करून थेरपीसुद्धा घेतात. सगळ्यांना जमतंच असं नाही, पण तुम्ही एकदा करून बघा. त्यांना लहानपणापासून येतं असं एखादं गीत, हळू, तोंडासमोर बसून, डाव्या हातावर ताल धरून. आणि स्पीच थेरपी चालू नसेल तर डॉक्टरांना विचारा, फिजिओ वेगळी आणि ती वेगळी, आम्हाला ते तीन महिने कुणी सांगितलंच नव्हतं. अजून एक, स्ट्रोकनंतर डिप्रेशन खूप जणांना येतं, ते रडणं नुसतं दुःखाचं नसेल, ते पण डॉक्टरांच्या कानावर घाला. तुम्हाला स्वतःला रात्री फार जड झालं तर १४४१६ ला फोन करा, सरकारचा टेलिमानस आहे, पैसे लागत नाहीत, मी केला होता.

मी त्या दिवसात ऑफिसमधून ठाण्याला उतरलो की घरी जायच्या आधी तलावपाळीच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसायचो. प्रार्थना नाही, काही नाही, शर्ट घामाने ओला, बॅग मांडीवर. वीस मिनिटं पंख्याचा आवाज ऐकायचा आणि घरी जायचं. देव आहे का नाही असं वाटायच्या पलीकडे गेलो होतो, पण तिथे बसल्यावर कुणी काही विचारत नव्हतं. आई पुढे तीन वर्षं होती. बोलणं पूर्ण आलं नाही.

*

सेक्टर_एकोणीस

चार दिवस झाले लिहायला, घरात वेळच नाही. सगळ्यांचं वाचलं, काकांचं तर मिस्टरांना वाचून दाखवलं, ईयोबाचं आणि शिलोहाच्या बुरुजाचं. तुमच्यामुळे नाही असं सांगितलं. दहा वेळा नाही, तीन वेळा सांगितलं, चौथ्यांदा त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला, पुरे म्हणून, आणि मग आम्ही दोघं बसलो होतो तसेच बराच वेळ.

रबाळ्याच्या ताई, स्लिपवर ईएसआय आहे. पगार १९,५०० होता. शनिवारी या, फाईल मी लावून ठेवते, एमआरआयची मोठी पिशवी पण काढून ठेवलीये. साक्षी_जीवन भाऊ, मला काही लागलं नाही, मंगळवार आणि शुक्रवार सकाळी साडेसातला फिजिओ असते, लिफ्ट आहे पण खाली सहा पायऱ्या आहेत तिथेच अडतं.

गाण्याचं सांगते. काल संध्याकाळी लाईट गेली होती, धाकटा क्लासला. मला काही सुचेना म्हणून गॅलरीत त्यांच्यासमोर पाट घेऊन बसले आणि तेविसावं स्तोत्र, "परमेश्वर माझा मेंढपाळ" ते, चालीवर म्हणायला लागले, ते गावच्या शाळेत सगळ्यांना पाठ असायचं, सासूबाई दळताना म्हणायच्या. माझाच आवाज बसलेला, चार महिने गायलेच नव्हते ना. त्यांचा डावा हात माझ्या हातात होता. दुसऱ्या ओळीला त्यांची मान हलायला लागली, मग परत पहिल्यापासून घेतलं तर "मेंढपाळ" एवढा शब्द आला. स्वच्छ. आणि पुढे मृत्यूच्या छायेच्या खोऱ्याची ओळ येते ना, तिथे मी थांबले, मला पुढे म्हणवेना, तर ते थांबले नाहीत. शब्द सगळे नव्हते, अर्धे नुसते सूर होते, पण ती ओळ त्यांनी एकट्याने पूर्ण केली.

नंतर मी म्हटलं माझं नाव घ्या. नाही आलं. दोघंही रडलो.

देव चांगला आहे हे मला रविवारी म्हणता येईल का, माहीत नाही, बहुतेक नाही. काका, ८८ वं स्तोत्र वाचलं, रात्री, मोबाईलच्या उजेडात, दोनदा. आज परत वाचणार आहे. स्पीच थेरपीची अपॉइंटमेंट पुढच्या बुधवारी मिळालीये, वाशीला, दुपारी साडेतीनची. रिक्षा करावी की बसने जावं बघते, बसला ती पहिली पायरी फार उंच असते.